विमानातली जागा आणि ती देण्याचा अधिकार

लांब पल्ल्याच्या विमानप्रवासात एकाच कुटुंबातल्या दोघांची तिकिटे वेगवेगळ्या वर्गांची असणे आता अपूर्वाईचे राहिलेले नाही. एकाचे तिकीट कार्यालयाने काढलेले असते, एखादीला साठवलेल्या माइल्सवर (वारंवार प्रवास केल्याबद्दल कंपनीकडून मिळणाऱ्या गुणांवर) वरचा वर्ग मिळालेला असतो, किंवा पाठीच्या दुखण्यामुळे दोघांपैकी एकापुरतीच आडवे होण्याची सोय परवडलेली असते. जेवणे आटोपतात, दिवे मंद होतात, आणि बिझनेस क्लासमधला नवरा मागे येऊन इकॉनॉमीतल्या बायकोला म्हणतो, की उरलेले पाच तास तू पुढे जाऊन झोप, मी तुझ्या जागेवर बसतो. पैसे भरलेले आहेत, दोन्ही जागा घरातल्याच आहेत, तिसऱ्या कोणाचे काही जात नाही, असे त्या दोघांना मनापासून वाटते. तरीही पडद्यापाशी केबिन क्रू त्यांना थांबवतो, आणि एका साध्या प्रेमाच्या कृतीचे रूपांतर पाहता पाहता वादात होते.

अशी अदलाबदल होऊ द्यावी, असे माझे मत आहे. मात्र ती त्या दोघांची खासगी बाब आहे, हे मला मान्य नाही. जागा आपली आहे म्हणून वाटेल त्याला द्यावी हा प्रवाशांचा समज जितका सदोष आहे, तितकीच कारण न सांगता, कधी होकार तर कधी नकार देत राहण्याची विमान कंपन्यांची रीतही सदोष आहे. या दोन्हींच्या मध्ये शिष्टाचाराची जी जागा उरते, ती नीट आखून घेण्याची गरज आहे.

आधी तिकिटाने आपल्याला काय मिळते ते पाहू. विमानाचे तिकीट हा नावानिशी केलेला करार असतो आणि तो सहसा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. बोर्डिंग पासवर छापलेला आसनक्रमांक कंपनी सुरक्षिततेच्या किंवा कामाच्या सोयीसाठी बदलू शकते, हे बहुतेक कंपन्यांच्या अटींमध्ये लिहिलेले असते. वर्गाचे तसे नाही, कारण पैसे वर्गाचे घेतलेले असतात. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमावलीत याची स्पष्ट दखल आहे. कंपनीने प्रवाशाला तिकिटापेक्षा खालच्या वर्गात बसवले, तर अंतरानुसार तिकिटाच्या किमतीच्या ३०, ५० किंवा ७५ टक्के रक्कम तिला परत करावी लागते, आणि वरच्या वर्गात बसवले तर त्याबद्दल जादा पैसे मागता येत नाहीत. परंतु हा सारा हिशेब कंपनीने केलेल्या बदलाचा आहे. जो स्वतःहून मागे जाऊन बसतो त्याला त्यातून काही मिळत नाही, आणि आपल्या वाट्याचे वचन दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची मुभाही त्याला मिळत नाही. भाड्याच्या घरात राहण्याचा हक्क असणे आणि ते घर परस्पर दुसऱ्याला देण्याचा हक्क असणे या दोन गोष्टी आपण सहज वेगळ्या ओळखतो. विमानातल्या आसनाच्या बाबतीत मात्र त्यांची सरमिसळ होते.

कंपन्यांचा आर्थिक युक्तिवाद यावरच उभा आहे. उत्तर अटलांटिकवर १९५२ साली स्वस्त टूरिस्ट वर्ग आला, १९५८ साली इकॉनॉमी आला आणि बिझनेस क्लासचा जन्म सत्तरच्या दशकाच्या अखेरीस झाला. एकाच विमानात, एकाच वेगाने, एकाच ठिकाणी पोहोचणाऱ्या माणसांकडून वेगवेगळे भाडे घेता यावे यासाठी ही विभागणी घडत गेली, आणि लांब पल्ल्याच्या अनेक उड्डाणांचा ताळेबंद आजही पुढच्या थोड्या आसनांच्या उत्पन्नावर जुळतो. ब्रिटनसारख्या देशात विमानप्रवासावरचा करसुद्धा वर्ग पाहून आकारला जातो. तेव्हा एका भाड्यात दोन माणसांनी आळीपाळीने वरचा वर्ग वापरला, तर दुसरे तिकीट बुडाले, असे कंपनीने म्हणणे समजण्यासारखे आहे. मात्र ते पूर्णपणे पटण्यासारखे नाही. ज्या जोडप्याला एकच महाग तिकीट परवडते, ते अदलाबदलीला बंदी केली म्हणून दुसरे महाग तिकीट घेणार नाही. ते एकाच तिकिटावर थांबेल किंवा दोघेही मागे बसतील. जागा एक विकली गेली आणि तिच्यावर एका वेळी एकच माणूस बसला, एवढे पाळले तर कंपनीचे नुकसान फार मोठे आहे असे मला वाटत नाही. धोका आहे तो वेगळाच. अनोळखी प्रवाशांमध्ये ही मुभा सरसकट दिली, तर माइल्सवर किंवा नशिबाने वरचा वर्ग मिळालेला एखादा प्रवासी हवेतच आपल्या जागेचा सौदा करू लागेल. तो धोका खरा आहे, आणि म्हणूनच एकत्र आरक्षण केलेल्यांचा प्रश्न आणि परक्यांचा प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत.

पैशांपेक्षा अधिक वजनाचे कारण मला प्रवाशांच्या यादीत दिसते, आणि सामान्य प्रवाशाला नेमके तेच दिसत नाही. केबिन क्रूच्या हातात जी यादी असते, तिच्यात प्रत्येक आसनासमोर एक माणूस असतो आणि त्या माणसाबरोबर त्याच्या गरजा असतात. मधुमेहाचे जेवण कोणाचे, शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी कोणाला, ऐकू कमी कोणाला येते, एकटे प्रवास करणारे मूल कोणते, आणीबाणीत हाताला धरून कोणाला न्यायचे, हे सारे आसनक्रमांकावरून ओळखले जाते. मंद दिव्यांत दोन माणसांनी जागा बदलल्या आणि कोणालाच सांगितले नाही, तर यादी त्या क्षणापासून खोटी होते. खास जेवण चुकीच्या माणसापुढे येणे हा त्यातला सर्वांत किरकोळ परिणाम झाला. रात्री अस्वस्थ वाटलेल्या प्रवाशाबद्दल क्रू जमिनीवरच्या डॉक्टरांशी बोलतो, तेव्हा त्याचे नाव, वय आणि आधीची नोंद त्याच यादीतून सांगितली जाते. संसर्गजन्य रोगांच्या बाबतीतही हीच यादी कामी येते. क्षयरोगाचा संसर्ग पसरवू शकेल असा रुग्ण आठ तास किंवा त्याहून लांबच्या उड्डाणात होता असे नंतर कळले, तर त्याच्या रांगेतल्या आणि पुढच्या-मागच्या दोन-दोन रांगांमधल्या प्रवाशांचा शोध घ्यावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. त्या वेळी आपण कागदावर एका रांगेत आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच केबिनमध्ये असू, तर निरोप ज्याला जायला हवा त्याला जाणार नाही. आणि अपघातानंतर ओळख पटवताना आसनांच्या यादीला काय अर्थ येतो, हे अधिक विस्ताराने सांगायला नको.

तान्ह्या मुलांचा प्रश्न याहून बारीक आहे. प्रत्येक रांगेच्या वरच्या खणात प्राणवायूचे मुखवटे ठरावीक असतात. एकूण मुखवटे आसनांपेक्षा किमान दहा टक्के अधिक असावेत असा दंडक आहे, पण म्हणून आसनांच्या प्रत्येक गटात हवे तितके जादा मुखवटे असतात असे नाही. मांडीवर बाळ घेऊन आई पुढच्या केबिनमध्ये जाते, तेव्हा त्या गटात आधीच एक बाळ असू शकते. शिवाय पुढच्या काही आसनांचे पट्टे आणि त्यांतली एअरबॅग मांडीवरच्या बाळासाठी जशीच्या तशी चालत नाही. इकॉनॉमीतली जागा आपत्कालीन दाराजवळची असेल, तर तिथे लहान मूल किंवा दार उघडायला मदत करू न शकणारी व्यक्ती बसवता येत नाही. विमानाच्या तोलाचाही मुद्दा निघतो, पण त्याबाबत अतिशयोक्ती होऊ नये. मोठ्या विमानात एकास एक अशी अदलाबदल झाल्याने तोलाला काही फरक पडत नाही. छोट्या विमानात बरेच जण रिकाम्या जागा पाहून पुढे सरकले, तर मात्र पडू शकतो, आणि म्हणून तिथे उड्डाणापूर्वी जागा न बदलण्याची सूचना काटेकोरपणे पाळायला हवी.

या सर्व कारणांमुळे शेवटचा शब्द विमानातल्या अधिकाऱ्यांचा असतो. टोकियो येथे १९६३ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, प्रवासी चढल्यानंतर विमानाची दारे बंद झाल्यापासून ती उतरण्यासाठी उघडेपर्यंत सुव्यवस्था आणि शिस्त राखण्यासाठी वाजवी उपाय करण्याचा अधिकार कप्तानाला आहे, आणि क्रूच्या सूचना या अधिकाराच्या छायेतच दिल्या जातात. त्यांनी नाही म्हटले, तर त्या क्षणी विषय संपतो. तक्रार करायची असेल तर ती उतरल्यावर, लेखी करावी. दहा किलोमीटर उंचीवर, झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर उभे राहून हक्काची चर्चा करणे कोणालाही शोभत नाही.

शेजाऱ्यांचा विचार मात्र मला कंपन्यांच्या नियमांमध्ये फारसा दिसत नाही, आणि प्रवाशांच्या मनातही तो उशिरा येतो. बिझनेस क्लासमध्ये शेजारच्या आसनावर झोपलेल्या प्रवाशाला असे म्हणण्याचा अधिकार नाही, की इकॉनॉमीचे तिकीट काढलेली बाई माझ्या शेजारी नको. त्याने स्वतःपुरती जागा, सेवा आणि शांतता विकत घेतली आहे. शेजारी कोण असावे हे विकत घेतलेले नाही. ही तक्रार कोणी केलीच तर क्रूने ती नम्रपणे पण ठामपणे बाजूला ठेवावी. शांतता मात्र त्याने नक्कीच विकत घेतली आहे. अंथरूण काढणे, नवे घालणे, आसन उभे करून पुन्हा आडवे करणे, बॅग काढण्यासाठी वरचा खण उघडणे, त्याच्या पायांवरून पलीकडे जाणे, यांपैकी प्रत्येक गोष्टीने त्याची झोप मोडते. मागच्या केबिनमधल्या शेजाऱ्याचेही असेच आहे. निम्मी रात्र ज्या व्यक्तीशी हाताच्या दांडीची आणि उठण्याबसण्याची मूक तडजोड झालेली असते, तिच्या जागी अचानक दुसरेच कोणी येऊन बसते, आणि तो शेजारी तर पुढच्या सोयीतला एक कणही उपभोगत नाही. त्याला आधी दोन शब्दांत कल्पना देणे ही किमान सभ्यता झाली.

म्हणूनच मला एक अदलाबदल योग्य वाटते आणि फेऱ्या अयोग्य वाटतात. दोन तास तू, दोन तास मी, न्याहारीला पुन्हा तू, असे वेळापत्रक आखून येणारी कुटुंबे असतात. त्यांच्या दृष्टीने ती समान वाटणी असते, पण प्रत्येक फेरीचा भार क्रूवर आणि दोन्हीकडच्या शेजाऱ्यांवर पडतो. पुढच्या केबिनमध्ये जेवण, पांघरूण आणि प्रसाधनाची पिशवी आसनांच्या हिशेबाने मोजून ठेवलेली असते. एका आसनावर दोघांनी दोनदा सेवा घेतली तर कोणाला तरी ती कमी पडते. सर्वांत चांगली वेळ विमानाची दारे बंद होण्याआधीची. तेव्हाच मुख्य क्रूला सांगावे, दोन्ही बोर्डिंग पास दाखवावेत, त्यांनी यादीत बदल केला की आपले हातातले सामान घेऊन जागा बदलावी आणि उतरेपर्यंत तिथेच राहावे. वाटेत बदलायचे झाल्यास पहिले जेवण उरकल्यावर, एकदाच, आणि तेही परत न फिरण्याच्या तयारीने. परत न फिरण्यावर माझा भर आहे, कारण गंभीर अपघातांचे प्रमाण उड्डाण आणि उतरणे या टप्प्यांत अधिक असते. उतरायच्या अर्धा तास आधी दोन माणसे, त्यांच्या चपला, चश्मे आणि पारपत्रे एका केबिनमधून दुसऱ्यात हलत असणे कोणालाच सोयीचे नाही.

मुले मागे आणि आईवडील दोघेही पुढे, ही व्यवस्था मात्र मला कोणत्याच रूपात समर्थनीय वाटत नाही. क्रू म्हणजे मुले सांभाळणारी माणसे नव्हेत. मोठे विमान निम्मी दारे वापरून ९० सेकंदांत रिकामे होऊ शकते, हे ते सेवेत येण्याआधी सिद्ध करावे लागते, आणि त्या हिशेबात मुलांना शोधत उलट्या दिशेने धावणारे आईवडील धरलेले नसतात. मुले ज्या केबिनमध्ये आहेत तिथे घरातले एक मोठे माणूस असलेच पाहिजे. आईवडिलांपैकी एकाचे तिकीट पुढचे असेल आणि निम्म्या वाटेवर दुसऱ्याने विश्रांती घ्यावी असे ठरले असेल, तर या कारणासाठी क्रूने उदार व्हावे, कारण थकलेल्या पालकाच्या जागी ताजातवाना पालक येणे मागच्या केबिनच्याही हिताचे आहे.

आता परक्यांविषयी. एखादा प्रवासी आपली पुढची जागा एखाद्या वृद्ध बाईंना किंवा पायाला प्लास्टर असलेल्या तरुणाला देऊ इच्छितो, आणि अशा कृतीचे सर्वत्र कौतुक होते. कौतुक योग्यच आहे. तरीही हे दान कसे दिले जाते, याला दानाइतकेच महत्त्व आहे. भर केबिनमध्ये, सगळ्यांच्या देखत विचारले, तर नाही म्हणणे अवघड होऊन बसते. त्या आजींची नात शेजारी असेल, औषधांची पिशवी पायाशी असेल, किंवा अनोळखी माणसाचे उपकार घेणे त्यांच्या स्वभावात नसेल. त्यांना नकार देण्याची वाट मोकळी राहावी म्हणून ही विचारणा क्रूमार्फत आणि हलक्या आवाजात झाली पाहिजे. देणाऱ्याने छायाचित्राचा मोह टाळावा. क्रूनेही अशा विनंतीकडे पैशांचा सौदा तर नाही ना एवढे पाहावे आणि शक्य असेल तर होकार द्यावा. नियमाच्या कडेने माणुसकीला थोडी जागा ठेवणे व्यवस्थेला परवडते.

उलट दिशेची विनंती मात्र करूच नये. आम्हाला एकत्र बसायचे आहे म्हणून तुम्ही मागे जाल का, असे बिझनेस क्लासमधल्या अनोळखी प्रवाशाला विचारणे म्हणजे त्याच्याकडे फार मोठी रक्कम मागणे आहे. वर दिलेले ३० ते ७५ टक्क्यांचे आकडे आठवले, की या मागणीचा आकार ध्यानात येतो. एकत्र बसण्याची इच्छा ज्याची, त्याने आपल्या चांगल्या जागेवर पाणी सोडावे. नवरा पुढे आणि बायको मागे असेल, तर क्रूच्या संमतीने त्याने बायकोच्या शेजाऱ्याला आपली पुढची जागा द्यावी आणि स्वतः तिच्या शेजारी येऊन बसावे. मागणाऱ्याने तोटा सोसायचा आणि ज्याला विचारले त्याचा फायदा व्हायचा, हे सूत्र वर्ग एक असो वा दोन, सारखेच लागू पडते.

रिकाम्या जागेचा विषय मी थोडक्यात संपवतो, कारण त्यात वाद घालण्यासारखे फारसे नाही. पडदा सरकवून पुढच्या रिकाम्या आसनावर जाऊन बसणे ही अदलाबदल नव्हे. ज्याचे पैसे दिलेले नाहीत ते घेणे आहे. जागा एरवी वाया जाणार होती, हे समर्थन टिकत नाही, कारण त्याच तर्काने मागचा प्रत्येक प्रवासी पुढे येऊ शकतो आणि जो आधी उठतो त्यालाच ती मिळते. रिकामी जागा कोणाला द्यायची हे कंपनीने ठरवावे. मागच्या केबिनमध्ये कोणाचे आसन मोडले किंवा कोणी आजारी पडले, तर त्या जागेचा खरा उपयोग तिथेच होतो.

राहता राहिला तो कंपन्यांच्या धोरणाचा प्रश्न, आणि माझी मुख्य तक्रार तिथे आहे. एकाच कंपनीच्या जाताना केलेल्या उड्डाणात जी अदलाबदल हसतमुखाने मान्य होते, ती परतीच्या उड्डाणात नियमबाह्य ठरते, आणि प्रवाशाला वाटते की हा क्रूच्या मर्जीचा खेळ आहे. या मर्जीचा त्रास प्रवाशापेक्षा क्रूला अधिक होतो. होकार दिला तर मागचे दहा जण विचारतात, नकार दिला तर मागच्या वेळी चालले होते असे ऐकावे लागते, आणि दोन्ही वेळा दाखवायला हातात काही नसते. कॅथरीन डीसेलेस आणि मायकेल नॉर्टन या संशोधकांनी २०१६ साली एका मोठ्या विमान कंपनीच्या नोंदींवरून असा निष्कर्ष मांडला, की पहिल्या वर्गाचे वेगळे केबिन असलेल्या विमानांत इकॉनॉमीमध्येही प्रवाशांनी घातलेल्या गोंधळाच्या घटना अधिक घडतात, आणि पुढच्या केबिनमधून चालत मागे जावे लागले तर त्यांत आणखी भर पडते. त्यांच्या संख्याशास्त्रीय पद्धतीवर पुढे टीकाही झाली, त्यामुळे त्या आकड्यांवर मी फार भार देणार नाही. पण विषमता डोळ्यांसमोर असतानाही माणसे ती सहन करतात, ती तिचा नियम सर्वांना सारखा लागू होतो असे दिसते तेव्हा, एवढे सांगायला अभ्यासाची गरज नाही. पडदा काहींसाठी उघडतो आणि काहींसाठी उघडत नाही, आणि का ते कोणी सांगत नाही, ही स्थिती चिडचिडीला आमंत्रण देते.

तेव्हा तिकीट काढतानाच दिसेल अशा जागी कंपन्यांनी चार ओळी लिहाव्यात. एकाच आरक्षणातल्या दोन प्रौढ प्रवाशांना एका उड्डाणात एकदा, क्रूला सांगून, एकास एक जागा बदलता येईल. सेवा आसनाबरोबर जाईल, माणसाबरोबर जाणार नाही. तान्हे मूल, आपत्कालीन दाराची रांग आणि कर्मचारी सवलतीची तिकिटे यांना ही मुभा लागू नसेल. पैशांची देवाणघेवाण आढळल्यास ती रद्द होईल. ज्या कंपनीला ही मुभा द्यायची नसेल तिने तसेही स्पष्ट लिहावे, म्हणजे तिकीट काढणारे जोडपे एकाने पुढे बसायचे की दोघांनी मागे, हे घरीच ठरवू शकेल. कार्यालयाच्या पैशांनी काढलेल्या तिकिटाचा निर्णय मात्र कंपनीच्या परवानगीवर संपत नाही. सकाळी कामावर हजर होण्याआधी कर्मचाऱ्याला झोप मिळावी म्हणून कार्यालयाने ती जागा घेतलेली असेल, तर ती दुसऱ्याला देण्याआधी कार्यालयाला विचारणे हे त्या कर्मचाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि हे विचारणे विमानात बसण्यापूर्वीच व्हायला हवे.